खालचा, पण कशात खालचा?

बदल्या-बढत्यांचा हंगाम ओसरला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांना एकच वळण लागतं. कोण कोणाच्या वर, कोण कोणाच्या हाताखाली, आणि हे इंग्रजीत कसं लिहायचं. या खेपेला तर दुसरं काही आलंच नाही म्हणा ना. लघुलेखक म्हणून सरकारी कचेरीत माझी हयात गेली. साहेब बोलायचे, मी उतरवून घ्यायचो आणि टंकताना साहेबांचं इंग्रजी गुपचूप नीट करायचो. त्यामुळे हे प्रश्न माझ्या घरचेच. नावं मात्र कोणाचीच छापत नाही. पत्रं लिहिणाऱ्यांचे वरिष्ठही हे मासिक वाचतात.

प्रश्न (चोपडा, एक शिक्षक): आप्पा, सेवाज्येष्ठता यादीवर हरकत घेणारा अर्ज मी इंग्रजीत केला. त्यात ‘ही इज ज्युनिअर दॅन मी’ असं लिहिलं. आमचे पर्यवेक्षक म्हणतात, ‘दॅन’ चुकलं. ‘यंगर दॅन’ चालतं, ‘स्मॉलर दॅन’ चालतं, मग इथेच काय बिघडलं?

उत्तर: पर्यवेक्षकांचं बरोबर आहे. सीनिअर, ज्युनिअर, सुपीरिअर, इन्फिरिअर ही लॅटिनची मंडळी. तुलना पोटात घेऊनच ती इंग्रजीत आली आणि त्यांच्यामागे ‘टू’ लागतो. ‘ही इज ज्युनिअर टू मी’ असं लिहा. ‘अधिक’ हा अर्थ आत आधीच असल्यामुळे ‘मोअर ज्युनिअर’ही लिहू नका. ‘मच ज्युनिअर टू मी’ मात्र बिनधोक. आपल्या कचेऱ्यांत ‘ज्युनिअरमोस्ट’ सर्रास चालतं. इंग्लंडातला माणूस भुवया उंचावेल, पण शिक्षणाधिकारी उंचावणार नाहीत, तेव्हा ते राहू द्या.

सर, तुमच्या अर्जात खरी गोम वेगळीच आहे. पुढच्याच ओळीत तुम्ही लिहिलंय की समोरचे गृहस्थ वयाने तुमच्यापेक्षा मोठे आहेत, आणि तिथे ‘सीनिअर’ वापरलंय. म्हणजे पहिल्या ओळीत ते ज्युनिअर आणि दुसऱ्या ओळीत सीनिअर! वाचणारा बाबू पहिल्या घोटालाच गोंधळेल. वयासाठी ‘ओल्डर’ आणि ‘यंगर’, सेवेसाठी ‘सीनिअर’ आणि ‘ज्युनिअर’, अशी वाटणी करून टाका. ‘ही इज टू इयर्स ओल्डर दॅन मी, बट ज्युनिअर टू मी इन सर्व्हिस.’ एका वाक्यात ‘दॅन’ही आलं, ‘टू’ही आलं, दोन्ही आपापल्या जागी. खासगी शाळांतल्या शिक्षकांची ज्येष्ठता १९८१च्या नियमावलीतल्या अनुसूची ‘फ’प्रमाणे ठरते. तिथे तुमच्या केसांचा रंग कोणी विचारत नाही. म्हणून वयाचं वाक्य गाळलंत तरी काही अडत नाही.

आणखी एक. ‘ही इज माय ज्युनिअर’ असं लिहू नका. वकील लोक तसं म्हणतात, पण तिथे ज्युनिअर म्हणजे त्यांच्या चेंबरमध्ये फायली सांभाळत शिकणारा. तुमचे सहकारी तुमच्याकडे उमेदवारी करत नाहीत. मागणी सरळ करा: ‘माय नेम शुड बी प्लेस्ड अबव्ह हिज इन द लिस्ट.’

प्रश्न (भुसावळ, रेल्वेतून निवृत्त होणारे अभियंते): निरोप समारंभात इंग्रजीत चार शब्द बोलायचे आहेत. ‘सो मेनी पीपल वर्क्ड बिलो मी’ की ‘अंडर मी’?

उत्तर: ‘अंडर मी’. हुकूम, देखरेख, हाताखाली असणं यासाठी ‘अंडर’. ‘बिलो’ हे रेषेपासून मोजायचं खाली. दारिद्र्यरेषेखाली म्हणजे ‘बिलो द पॉव्हर्टी लाइन’, सरासरीपेक्षा कमी म्हणजे ‘बिलो अ‍ॅव्हरेज’. हुद्द्यांची उतरंड सांगताना ते चालतं: ज्युनिअर इंजिनिअरचं पद सीनिअर सेक्शन इंजिनिअरच्या ‘बिलो’ आहे. पण माणसं तुमच्या ‘बिलो’ काम करत होती म्हटलं, तर तुम्ही डब्यात उभे आणि ती खाली पिटलाइनच्या खड्ड्यात ब्रेक तपासतायत असं चित्र उभं राहतं. तुमच्या खात्यात ते खरंही असेल म्हणा.

राहिलं ‘बिनीथ’. ते मानापमानाचं. ‘बिनीथ माय डिग्निटी’ म्हणजे माझ्या इभ्रतीला न शोभणारं. निरोपाच्या भाषणात त्याला थारा देऊ नका. आणि विचारताच आहात तर सांगतो, त्या दिवशी ‘अंडर मी’सुद्धा म्हणू नका. ‘वर्क्ड विथ मी’ म्हणा. हार घालायला तीच माणसं पुढे येणार आहेत.

प्रश्न (पारोळा, एक वडील): माझा मुलगा कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर आहे. नेट झालेला, नियमित पदावर. स्थळ पाहायला गेलो तर मुलीचे मामा विचारतात, ‘तुना पोऱ्या कोना असिस्टंट शे भो?’ काय सांगावं?

उत्तर: सांगा, ‘कोनाच नही.’

मग जरा समजावूनही सांगा. पूर्वी ज्याला लेक्चरर म्हणत, त्यालाच विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१०च्या नियमांपासून असिस्टंट प्रोफेसर म्हणतात. त्याच्या वर असोसिएट प्रोफेसर, त्याच्या वर प्रोफेसर. ही शिडीची पायरी आहे, कोणाची बॅग उचलण्याची नोकरी नाही. तो स्वतःचा वर्ग घेतो, स्वतःचे पेपर तपासतो. शाळेतला शिक्षकही कागदोपत्री ‘असिस्टंट टीचर’च असतो. मामांच्या हिशेबाने पाहिलं तर महाराष्ट्रातले झाडून सगळे मास्तर मुख्याध्यापकांचे हरकामे ठरतील.

पण मामांचा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही, कारण ‘असिस्टंट’ खरंच दोन तऱ्हांनी वापरतात. ‘असिस्टंट टू द कलेक्टर’ म्हटलं तर तो साहेबांचा मदतनीस. ‘असिस्टंट कलेक्टर’ म्हटलं तर तो स्वतः साहेब: नंदुरबारकडे सहायक जिल्हाधिकारी म्हणून येणारा तरुण आयएएस अधिकारी, ज्याच्या ताब्यात अख्खा उपविभाग असतो. मधला ‘टू’ गेला की माणूस टेबलाच्या या बाजूचा त्या बाजूला जाऊन बसतो.

आता ‘डेप्युटी’. डेप्युटी म्हणजे वरचा जागेवर नसेल तर त्याच्या जागी उभा राहणारा. म्हणून एकाच पदाला दोन्ही बिल्ले लागतात तेव्हा सहसा डेप्युटी वर आणि असिस्टंट खाली. पोलीस आयुक्तालयात डीसीपी वर, एसीपी खाली. रिझर्व्ह बँकेत डेप्युटी जनरल मॅनेजर वर, असिस्टंट जनरल मॅनेजर खाली. सहकार खात्यात तालुक्याला सहायक निबंधक, जिल्ह्याला उपनिबंधक. सोसायटीच्या निवडणुकीत पडलेल्या माणसाला ही उतरंड तोंडपाठ असते, त्याला आमच्या सदराची गरज नाही.

‘सब’वाला मात्र नीट पाहून घ्यावा. आपल्या राज्याच्या पोलिसांत असिस्टंट इन्स्पेक्टर, म्हणजे एपीआय, हा सब-इन्स्पेक्टरच्या वर. आणि असिस्टंट सब-इन्स्पेक्टर सब-इन्स्पेक्टरच्या खाली. असिस्टंट एकदा वर, एकदा खाली, असं का? तर तो शब्द कोणाला चिकटलाय ते बघा. एपीआयमध्ये तो इन्स्पेक्टरला चिकटलाय, एएसआयमध्ये सब-इन्स्पेक्टरला. चिकटण्याची हीच गोष्ट ‘सब-डिव्हिजनल ऑफिसर’मध्ये. लोकांना वाटतं हा कोणीतरी दुय्यम ऑफिसर. इथे ‘सब’ डिव्हिजनला लागलाय, ऑफिसरला नव्हे. उपविभागाचा तो पूर्ण अधिकारी. आपण त्याला प्रांतसाहेब म्हणतो आणि प्रांतसाहेबांना दुय्यम म्हणायची कोणाची छाती नाही. उपजिल्हा रुग्णालयाचंही तसंच. रुग्णालय अर्धवट नाही, जिल्ह्याखालच्या भागासाठी आहे.

मराठीकरण करणाऱ्यांनी यात बरीच अक्कल वापरली आहे हे कबूल केलं पाहिजे. जमिनीची खरेदी नोंदवायला जातो तो सब-रजिस्ट्रार ‘दुय्यम निबंधक’, सहकारातला डेप्युटी रजिस्ट्रार ‘उपनिबंधक’. वेगळी खाती, वेगळे शब्द, घोटाळा नाही. शहरात काम वाढलं म्हणून नेमलेला ‘सह दुय्यम निबंधक’. पण एका ठिकाणी त्यांनी एका अक्षरावर फार भिस्त ठेवली. मंत्रालयातला अंडर सेक्रेटरी म्हणजे ‘अवर सचिव’, आणि अ‍ॅडिशनलला शब्द ‘अपर’. अवर म्हणजे खालचा, अपर म्हणजे आणखी एक. ‘व’चा ‘प’ झाला की माणूस कुठल्या कुठे. अपर जिल्हाधिकाऱ्यांना ‘अवर जिल्हाधिकारी’ असं छापलेलं एका उद्घाटनाचं निमंत्रण मी पाहिलंय. साहेब कार्यक्रमाला गेले, नारळ फोडला, भाषणही केलं. निमंत्रण मात्र टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवलं, आणि पुढे त्या आयोजकांचा कुठलाही अर्ज आला की आधी काचेकडे बघायचे.

‘अ‍ॅडिशनल’ म्हणजे जादाचा, फालतू, असंही काही जण समजतात. तसं नाही. अपर पोलीस अधीक्षक हे डेप्युटी एसपीच्या वर असतात.

तर मामांना एवढं पुराण ऐकवू नका. पगाराची स्लिप दाखवा, ते लवकर कळेल.

प्रश्न (शिरपूर, बँकेतल्या अधिकारी): वार्षिक मूल्यमापनात ‘आय गाइड माय इन्फिरिअर्स’ असं लिहिलं तर विभागीय कार्यालयातून फोन आला की हे बदला. सुपीरिअर चालतं तर इन्फिरिअर का नाही?

उत्तर: कारण ही जोडी कागदावर सारखी दिसते, वापरात नाही. ‘माय सुपीरिअर्स’ म्हणजे माझे वरिष्ठ, यात कोणाचं काही जात नाही. ‘माय इन्फिरिअर्स’ म्हणजे माझ्यापेक्षा हलकी माणसं. इन्फिरिअरमध्ये पदासोबत प्रतही येते. ‘इन्फिरिअर क्वालिटी’चं बियाणं म्हणतात तोच शब्द. माणसाला तो लावला की शिवीच होते. सुपीरिअरचा कचेरीतला जोडीदार ‘सबऑर्डिनेट’. आपल्या राज्यघटनेत जिल्हा न्यायालयं आणि त्याखालच्या न्यायालयांच्या प्रकरणाला ‘सबऑर्डिनेट कोर्ट्स’ असंच नाव आहे, तेव्हा शब्द अगदी कायदेशीर. त्याच्यामागेही ‘टू’च: ‘सबऑर्डिनेट टू द मॅनेजर’.

ताई, तरी तुम्ही तोही लिहू नका असं मला वाटतं. सबऑर्डिनेट हा नियमांच्या पुस्तकातला शब्द, तिथे तो शोभतो. काउंटरवर रोज तुमच्या शेजारी बसून नोटा मोजणाऱ्या मुलीला तो लावला तर तिला आवडणार नाही. ‘द स्टाफ रिपोर्टिंग टू मी’ लिहा, किंवा नुसतं ‘माय टीम’. कोण कोणाला उत्तर देतं तेही कळतं आणि कोणी दुखावतही नाही.

प्रश्न (धुळे): वडिलांच्या ईसीजी रिपोर्टवर ‘इन्फिरिअर वॉल’ असं आहे. हृदयाची भिंत कमजोर आहे असा याचा अर्थ का? घरात सगळे घाबरलेत.

उत्तर: दादा, इथे प्रतीचा संबंध नाही. वैद्यकात इन्फिरिअर म्हणजे नुसतं खालच्या बाजूचं. हृदयाची जी भिंत खाली श्वासपटलाकडे असते ती इन्फिरिअर वॉल. सगळ्यांनाच असते, तुम्हालाही आहे. शरीराच्या खालच्या भागातून हृदयाकडे रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरेलाही ‘इन्फिरिअर व्हेना केव्हा’ म्हणतात आणि ती उत्तम प्रतीची असते. त्या भिंतीला काय झालंय, किती झालंय, ते त्याच ओळीत पुढे लिहिलेलं असेल. ते डॉक्टरांकडून आजच्या आज समजून घ्या, माझ्या उत्तराची वाट पाहत बसू नका. मी शब्दाचा डॉक्टर.

वनस्पतिशास्त्रातही असंच. फुलाचं अंडाशय पाकळ्यांच्या खाली असेल तर ते ‘इन्फिरिअर ओव्हरी’, वर असेल तर ‘सुपीरिअर’. गंमत म्हणजे रावेर-यावलची केळी या हिशेबाने इन्फिरिअर आणि भरताचं वांगं सुपीरिअर. केळफुलाचं एक पान उचलून आतली फुलं बघा, कोवळी फणी खाली आणि फूल तिच्या टोकाला. केळीबागवाल्यांनी कृपया मला पत्र लिहू नये.

प्रश्न (अमळनेर, एक शेतकरी): पाडळसऱ्याच्या धरणाच्या बोर्डावर ‘लोअर तापी’ लिहितात. आमचं धरण काय खालच्या दर्जाचं आहे? आधीच वर्षानुवर्षं रखडलेलं, वर हे नाव.

उत्तर: रखडण्याबद्दलचा तुमचा राग रास्त, पण नाव निर्दोष आहे. नदीच्या बाबतीत ‘अप्पर’ म्हणजे उगमाकडचं, ‘लोअर’ म्हणजे मुखाकडचं. तापी मुलताईकडून निघते आणि पश्चिमेला वाहते, म्हणून भुसावळजवळचं हतनूर ‘अप्पर तापी’ आणि पाण्याच्या वाटेवर पुढे असलेलं तुमचं ‘लोअर तापी’. मराठीत निम्न तापी. नकाशा भिंतीवर टांगला तर पाडळसरे हतनूरच्या खाली नाही, डावीकडे दिसेल. ‘लोअर’ इथे नकाशाचं नव्हे, पाण्याचं ऐकतं.

‘लोअर’ हा शब्द मुळात इन्फिरिअरपेक्षा पुष्कळ निरुपद्रवी, आणि त्याच्यामागे ‘दॅन’च येतं: ‘लोअर दॅन’. रेल्वेत लोअर बर्थसाठी लोक भांडतात. लोकसभेला ‘लोअर हाउस’ म्हणतात, आणि अर्थविधेयक तिथेच मांडावं लागतं, राज्यसभेत मांडता येत नाही. तरीसुद्धा हा शब्द कुठे लावायचा याचं तारतम्य हवं. फेब्रुवारी २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने आपल्याच कार्यालयाला सांगितलं की खटला चालवणाऱ्या न्यायालयाला ‘लोअर कोर्ट’ म्हणू नका, त्याच्या कागदपत्रांनाही ‘लोअर कोर्ट रेकॉर्ड’ नव्हे, ‘ट्रायल कोर्ट रेकॉर्ड’ म्हणा. साक्षीदाराला समोर उभं करून त्याचा शब्द न् शब्द टिपून घेतात ते तिथेच. त्याला खालचं म्हणणं मलाही कधी पटलं नव्हतं. पण तालुक्याच्या बाररूममध्ये अजून ‘लोअर कोर्टात हरलो’ असंच ऐकू येतं. जिंकलेला मात्र नुसतं ‘कोर्टात जिंकलो’ म्हणतो.

प्रश्न (नंदुरबार): माझ्या भावाला तात्पुरती बढती होती, आता मूळ पदावर परत पाठवलं. मेहुणा सगळीकडे सांगतोय की त्याला ‘डिग्रेड’ केलं. योग्य शब्द?

उत्तर: ‘रिव्हर्टेड’. मूळ पदावर परत आला, बास. शिक्षा म्हणून खाली आणलं असतं तर ‘डिमोटेड’, आणि घटनेच्या ३११व्या कलमाचे शब्द घेतले तर ‘रिड्यूस्ड इन रँक’. त्यासाठी आधी आरोप कळवून, चौकशी करून, त्याला आपलं म्हणणं मांडू द्यावं लागतं. ‘डिग्रेड’ जमीन होते, सातपुड्यातलं उजाड झालेलं रान होतं. माणसाला डिग्रेड केलं म्हणजे त्याची अप्रतिष्ठा केली. ती सध्या मेहुणाच करतोय.

प्रश्न (धरणगाव, एम.ए.ची विद्यार्थिनी): इतिहासाच्या एका इंग्रजी लेखात ऑट्रमला ‘सबऑल्टर्न’ म्हटलंय आणि दुसऱ्या लेखात भिल्लांना ‘सबऑल्टर्न’. दोघेही एकच कसे?

उत्तर: शब्द एक, काळ दोन. लष्करात कॅप्टनच्या खालचा अधिकारी तो सबऑल्टर्न, म्हणजे लेफ्टनंट आणि सेकंड लेफ्टनंट. १८२५मध्ये जेम्स ऑट्रम भिल्ल पलटण उभी करायला खानदेशात आला तेव्हा तो लेफ्टनंटच होता, आणि पलटणीचं ठाणं तुमच्याच गावात होतं. पुढे इटलीतल्या ग्रामशीने सत्तेबाहेर ठेवलेल्या समाजगटांसाठी तो शब्द घेतला, आणि १९८०च्या दशकात रणजित गुहा व त्यांच्या सोबतच्या इतिहासकारांनी तो आपल्याकडच्या शेतकरी-आदिवासींच्या इतिहासासाठी रुळवला. म्हणजे पलटण उभी करणारा साहेब जुन्या अर्थाने सबऑल्टर्न आणि त्या पलटणीत भरती झालेले भिल्ल नव्या अर्थाने.

निबंधात दोघं एकाच परिच्छेदात येणार असतील तर ऑट्रमला सरळ लेफ्टनंट लिही आणि सबऑल्टर्न भिल्लांसाठी राखून ठेव. आणि मराठीत लिहिताना ‘दुय्यम’ लिहू नकोस, नाहीतर तपासणाऱ्याला वाटेल निबंधकाच्या कचेरीबद्दल चाललंय.